खळदकरांच्या हॉलमधलं एडमंटन

मृणालिनी खळदकरच्या घरात बाराही महिने दोन ऋतू एकाच वेळी नांदत होते. स्वयंपाकघरात वैशाख आणि हॉलमध्ये पौष. शारजात रोला बाजाराच्या मागच्या गल्लीत, चौथ्या मजल्यावरचं ते घर. स्वयंपाकघराला एसी नव्हता. खिडकी होती ती वहीच्या पानाएवढी, आणि ती उघडली की बाहेरून भट्टीची वाफ आत यायची. पोळ्या लाटताना घाम कानामागून निघायचा तो थेट कोपरापर्यंत पोचायचा. मग ताट घेऊन मधलं दार ढकललं की एकदम हुडहुडी भरायची. हॉलचा एसी सोळावर. तिथे तिचा नवरा राजन पायांत लोकरी मोजे आणि गळ्यात मफलर अशा थाटात जेवायला बसलेला असायचा. तव्यावरची पोळी ताटात पडेपर्यंत गार होऊन चिवट व्हायची आणि तो म्हणायचा, "मृणाल, आज पोळी जरा वातड झालीय."

तेव्हा तिच्या मनात काय काय यायचं ते देवालाच ठाऊक.

"सवय व्हायला हवी," हे राजनचं ठरलेलं उत्तर. तिकडे उणे तीस असतं, एकदम जाऊन पडलो तर मुलांना झेपणार नाही, इथूनच थोडं थोडं अंगवळणी पाडायला हवं, असं तो समजावून सांगायचा. तिकडे म्हणजे कॅनडात, एडमंटन नावाच्या शहरात. त्या शहरात खळदकरांच्या घरातलं कुणी कधी गेलेलं नव्हतं. राजनचा एक जुना साहेब तिथे जाऊन राहिला होता आणि त्याने एकदा बर्फात बुडालेल्या आपल्या गाडीचा फोटो पाठवला होता, एवढाच काय तो संबंध.

हे सगळं सुरू झालं दोन हजार आठ साल संपता संपता. राजन क्वांटिटी सर्व्हेयर. म्हणजे इमारत बांधायला किती सिमेंट, किती सळई, किती फरशी लागेल याचा आधीच अंदाज बांधून देणारा माणूस. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका बांधकाम कंपनीत नोकरी. त्या वर्षीच्या गणपतीपर्यंत त्याला जेवायला फुरसत नव्हती. शारजा ते ऑफिस या रस्त्यावर रोजचा निम्मा दिवस गाडीत जायचा. आणि मग दिवाळी झाली आणि बघता बघता सगळं थांबलं. दुबईच्या मरीना भागातल्या ज्या टॉवरचं काम तो बघत होता तो अर्ध्यावर राहिला, वरची क्रेन जिथल्या तिथे. ऑफिसात रोज कुणाला तरी आत बोलावणं यायचं आणि तो माणूस बाहेर येऊन आपला ड्रॉवर रिकामा करायला लागायचा. राजनला बोलावणं आलं नाही. का आलं नाही, ते त्यालाही कळलं नाही. पगार कापला, पण ठेवून घेतलं.

रस्ते रिकामे झाले. पूर्वी रात्रीचं जेवण टाळणारा नवरा आता दिवेलागणीला घरी यायला लागला. मृणालिनीला आधी बरं वाटलं. पण त्या मोकळ्या वेळात त्याने कॅनडा शोधून काढला.

समोरच्या फ्लॅटमध्ये फुर्ट्याडो कुटुंब राहायचं. हर्बर्ट एका हॉटेलच्या हिशेब विभागात, बायको अ‍ॅग्नेस घरीच. दोघंही वसईची. हर्बर्ट आणि राजन मिळून दुबईतल्या एका एजंटाकडे गेले आणि आपापली फाइल देऊन आले. एजंटाने चहा पाजला, सगळे कागद बघितले, आणि दोन वर्षांत काम होईल, इन्शाल्ला, असं सांगितलं. त्या दिवसापासून राजन शारजात नुसता राहायला होता. मनाने कधीच गेलेला.

रोज सकाळी डबा घेताना तो कॉम्प्युटरवर बघून जाहीर करायचा. आज एडमंटन उणे अठरा. आज उणे सव्वीस, पण वारा धरला तर उणे पस्तीस. मुलाचे परीक्षेतले गुण सांगावेत तशा आवाजात. जानेवारीत शारजाला दोन दिवस ढग आले, हवा मऊ झाली, लोक मुलाबाळांना घेऊन वाळवंटात चुली पेटवायला निघाले. मृणालिनीने खिडक्या उघडून घर वाऱ्याला दिलं. राजन संध्याकाळी आला आणि ही कसली थंडी, असं म्हणून खिडक्या लावून त्याने एसी सुरू केला.

आणि घरातली प्रत्येक गोष्ट 'तिकडे गेल्यावर' या खुंटीला टांगली गेली. पडदे फाटले होते, पण तिकडच्या खिडक्यांचं माप वेगळं असणार. मिक्सरचं भांडं गळायला लागलं, पण तिकडे व्होल्टेज वेगळं. लेकीला, ईशानीला, तबल्याच्या वर्गाला जायचं होतं, पण मधेच सोडावं लागेल, कशाला सुरू करायचं. सोफ्याची स्प्रिंग वर आली होती, तिच्यावर उशी ठेवून चार वर्षं काढली. पाहुणा आला की राजन त्याला स्प्रिंगच्या बाजूला बसू द्यायचा नाही, "इथे नको, इथे जरा तात्पुरतं आहे," असं म्हणायचा. मृणालिनीला वाटायचं, इथे काय तात्पुरतं नाही?

कळस झाला तो दोन हजार नऊ साली. मरीनातलं एक युरोपियन कुटुंब नोकरी गेल्यामुळे गाशा गुंडाळून मायदेशी निघालं होतं. घरातलं सामान लॉबीत मांडून विकत होतं. राजन तिथून फुगलेल्या रजईसारखी चार जाकिटं आणि चार जोड गुडघाभर उंचीचे बूट घेऊन आला. सगळं मिळून दोनशे दिरहम, म्हणजे सव्वीसशे रुपये, म्हणजे फुकटच, असा हिशेब त्याने दारातच मोठ्याने करून दाखवला. वर एक लाल रंगाचं रुंद फावडं.

"हे कशाला?" मृणालिनीने विचारलं.

"बर्फ काढायला. तिकडे आपल्या दारासमोरचा बर्फ आपणच काढायचा असतो. नियम आहे."

दाराबाहेर बेचाळीस अंश होते. इमारतीचा वॉचमन नासर ते फावडं वर पोचवायला आला होता. त्याने फावड्याकडे बघितलं, राजनकडे बघितलं, आणि त्या दिवसापासून सगळ्या इमारतीत राजनचं नाव कॅनडासाब पडलं. पुढे एकदा वाळूचं वादळ आलं, बाल्कन्या वाळूने भरल्या, तेव्हा ते फावडं घरोघर फिरून आलं. राजनला ते आवडलं नाही. झिजेल ना, म्हणाला.

हे सगळं सामान ठेवलं कुठे, तर हॉलमधल्या पूर्वेकडे तोंड असलेल्या कोनाड्यात. तिथे मृणालिनीचा जीव अडकला होता. हा फ्लॅट पहिल्यांदा बघायला आले तेव्हा दोन खोल्या, अंधारा पॅसेज, कोंदट स्वयंपाकघर असं सगळं बघून तिचं तोंड उतरलं होतं. पण तो कोनाडा दिसला आणि ती हो म्हणाली. खोल, स्वच्छ, सकाळचं ऊन बरोबर पायथ्याशी येणारा. इथे देवघर, असं तिने मनात म्हणून टाकलं. तोवर तिचे देव म्हणजे पिठाच्या डब्यावरच्या फळीवर एक गणपतीची तसबीर आणि तिच्यापुढे उदबत्तीचं घर. आता कोनाड्यात जाकिटं रचलेली, वर बूट, बाजूला फावडं टेकवलेलं. सकाळचं ऊन यायचं ते थेट फावड्यावर.

खळदकरांचे देव चिंचवडला होते. चांदीचे दोन टाक, एकावर भवानी आणि एकावर खंडोबा, पितळेचा रांगता बाळकृष्ण, आणि झिजून नाकडोळे गेलेली अन्नपूर्णा. ते सासूबाई आणि थोरल्या जाऊबाई सांभाळायच्या. दर नवरात्रात तिथे घट बसायचे. मृणालिनीच्या लग्नानंतरची पहिली नवरात्रं तिने तिथे काढली होती आणि नऊ दिवस तेवत ठेवायच्या समईला रात्री उठून तेल घालायचं काम तिच्याकडे होतं. ते काम तिला आवडायचं. कुणाशी बोलावं लागायचं नाही.

दोन हजार बारा साली गुढीपाडव्याच्या फोनवर जाऊबाईंनी सांगून टाकलं. माझे गुडघे गेले, आईंना आता उठबस होत नाही, सोवळंओवळं माझ्याने निभत नाही. धाकट्या पातीने न्यावेत. या नवरात्राच्या आत कुणी नेले नाहीत तर देवळात गुरवांकडे पोचते करणार. त्यात राग नव्हता, नुसता थकवा होता, म्हणून तर मृणालिनीला धडकी भरली. रागावलेलं माणूस समजूत घातली की ऐकतं.

मग सासूबाई फोनवर आल्या. "नेशील तर ने बाई, मला आनंदच आहे. पण एक ऐक. ज्या घरात बसवशील, तिथून पुन्हा उठवायचे नाहीत. आज इथे उद्या तिथे, असं बिऱ्हाड देवांच्या मागे लावू नका."

इथे घोडं अडलं. रात्री जेवताना मृणालिनीने विषय काढला. राजनने मफलर नीट केला आणि म्हणाला, आता सहा महिन्यांवर आलंय. तिकडे स्वतंत्र घर असणार, तळघर असतं, छान देवखोली करू. आईला सांग, थोडं थांबा. तिने सांगितलं की थांबायला वेळ नाही, नवरात्रापर्यंतच आहे. तो म्हणाला, फाइलचं स्टेटस येऊ दे. हे सहा महिने चार वर्षं चालू होते. मुलगा वेदांग मधेच म्हणाला, "आई, इट्स फ्रीझिंग, कॅन आय ईट इन द किचन?" आणि ताट उचलून वैशाखात निघून गेला. मृणालिनीला त्याच्या मागोमाग उठून जावंसं वाटलं.

खरी गोष्ट कळली ती मे महिन्यात, अ‍ॅग्नेसकडून. अ‍ॅग्नेस बाल्कनीत तेलाच्या डब्यांतून कढीपत्ता, पुदिना असं काय काय लावायची. शेंगदाण्याचं कूट मागायला आली आणि बोलता बोलता म्हणाली की हर्बर्टने वसईचं घर रंगवायला काढलंय. मृणालिनीने विचारलं, अगं, मग तुमचं कॅनडा?

अ‍ॅग्नेस वाटी हातात धरून उभी राहिली. "राजनभाऊंनी तुला सांगितलं नाही?"

"काय?"

"बाय, ते ऑफिसच बंद झालंय. गेल्या रमजानात. दोघं मिळूनच तर गेले होते बघायला. शटर खाली, पाटीसुद्धा काढून नेलेली. मागून चौकशी केली तेव्हा कळलं, आपल्या फायली त्याने कधी पुढे पाठवल्याच नव्हत्या. हर्बर्ट आठवडाभर बोलला नाही. मग म्हणाला, खलास, आता वसई." मग तिने मृणालिनीच्या दंडावर हात ठेवला. "मी बोलले असं सांगू नकोस हं."

गेलं रमजान म्हणजे मागचा ऑगस्ट. म्हणजे वर्ष होत आलं. म्हणजे त्यानंतरचा सगळा हिवाळा, उणे अठरा आणि उणे सव्वीस, हॉलमधली ती सगळी शिंकाशिंकी, सगळं माहीत असताना. मृणालिनी गॅसपाशी उभी राहिली. आमटी उतू गेली तरी तिचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजन डबा घ्यायला आला. "एडमंटन आज बारा," म्हणाला. "तिकडे आता उन्हाळा लागला."

तिने डब्याचं झाकण दाबून बसवलं. विचारलं तर तो खोटं बोलेल, आणि खोटं बोलला तर ते आपल्याला ऐकावं लागेल, एवढंच तिला कळत होतं. पण त्या दिवसापासून घरातली थंडी तिला जास्त लागायला लागली. देवापुढे उदबत्ती लावताना ती रोज म्हणायची, यांना बुद्धी दे. मग वाटायचं, आणि मला जरा दम धरायची शक्ती दे, कारण ती संपत आली आहे.

जुलैत शाळांना सुट्टी लागली आणि ती मुलांना घेऊन चिंचवडला गेली. सासूबाई खाटेवर होत्या, आवाज बारीक झाला होता, पण डोळे पहिल्यासारखेच माणसाच्या आरपार बघणारे. त्यांनी चार दिवस काही विचारलं नाही. पाचव्या दिवशी देवांपुढे दिवा लावून झाला तेव्हा म्हणाल्या, फोन लाव राजनला, आणि सगळ्यांना ऐकू येईल असा लाव.

राजन घरीच होता. फोनमधून एसीची घरघर इथपर्यंत येत होती.

"राजन," सासूबाई म्हणाल्या, "तू राहतोस कुठे रे?"

"म्हणजे? शारजाला. बरं वाटत नाहीये का तुला, आई?"

"मला बरं आहे. मी पत्ता विचारत नाही. हे देव उचलून तुझ्या घरी द्यायचे की देवळात, ते विचारतेय. तू तिथे राहणार असलास तर देते. राहणार नसलास तर तसं सांग, मी रागावत नाही."

नुसती घरघर. ईशानीने मोबाइलवरून डोकं वर काढलं. जाऊबाई पदराने हात पुसत दारात येऊन थांबल्या. मृणालिनी फरशीच्या एका रेघेकडे बघत होती. आता जर तो सहा महिने म्हणाला, तर आपण काय करू ते तिला ठाऊक नव्हतं.

"दे," राजन म्हणाला. जरा वेळाने, "इथेच आहोत आम्ही." आणि ऑफिसचा फोन येतोय असं सांगून त्याने फोन ठेवला. शुक्रवार होता, दुबई-शारजात सगळी ऑफिसं बंद.

सासूबाईंनी देव स्वतः पुसले, ताम्हनात तांदूळ पसरून त्यावर ठेवले, मग एकेक उचलून मृणालिनीच्या ओटीत घातले. येताना विमानात तिने ते कुणाच्या हातात दिले नाहीत. खणात गुंडाळलेली डबी मांडीवर ठेवून बसून राहिली. तपासणीच्या वेळी पिशवी यंत्रातून गेली आणि तिथली बाई म्हणाली, आत धातूचं काय आहे. मृणालिनी म्हणाली, देव आहेत. बाईने डबी न उघडता पिशवी दोन्ही हातांनी उचलून परत दिली.

आणि घरी येऊन बघते तो काय. कोनाड्यात जाकिटं, बूट, फावडं. एसी सोळावर. राजनने दार उघडलं, चप्पल काढून डबीला नमस्कार केला, आणि म्हणाला, "एवढ्यात सगळं कशाला हलवायचं? सध्या फ्रिजवर ठेव."

म्हणजे ते 'आहोत' फक्त आईपुरतं होतं. देव फ्रिजवर. खळदकरांच्या किती पिढ्यांचे देव, आणि खाली दही आणि कोथिंबीर. मृणालिनी त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि पिठाच्या डब्यावरच्या फळीवर तसबिरीशेजारी ठेवलं. घामाने भिजत त्यांच्यासमोर उभं राहून म्हणाली, मी राहते तिथेच तुम्हीही राहा तूर्त. सकाळी बाहेरून आवाज आला, "एडमंटन आज एकोणीस."

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. पितृपक्ष संपत आला. घट काही फळीवर बसत नाही. त्याला जागा लागते, माती लागते, वर माळ बांधायला खिळा लागतो, आणि नऊ दिवस पेटती समई गॅसच्या सिलिंडरजवळ ठेवायची म्हणजे काय. घटस्थापनेच्या आधीच्या शुक्रवारी ती दुबईतल्या बर दुबई भागातल्या देवळामागच्या गल्लीतून मातीचं मडकं, वाती, सुपाऱ्या घेऊन आली आणि पिशव्या हॉलच्या मधोमध ठेवल्या. मुलं खाली खेळायला गेली होती. राजन मोजे घालून स्प्रिंगच्या बाजूला बसला होता.

"अहो, कोनाडा रिकामा करायचाय."

"अगं, पण ती जाकिटं ठेवायची कुठे? आता सीझन येईल, एकदम जायची वेळ आली तर..."

"एजंटाचं ऑफिस बंद झालंय. गेल्या वर्षीच्या रमजानात. मला माहीत आहे."

त्याने तिच्याकडे बघितलं नाही. गळ्यातला मफलर काढला, त्याची घडी केली, ती मोडली, पुन्हा केली.

"अ‍ॅग्नेसने सांगितलं?"

"कुणी का सांगेना."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून."

मग तो मफलरशीच बोलल्यासारखा बोलला. "ऑफिसात माझ्या रांगेत मी एकटा उरलो होतो, मृणाल. रोज सकाळी जाऊन बसलो की वाटायचं, आज मला आत बोलावतील. तेव्हा मनात म्हणायचो, बोलावू देत, आपण तरी कुठे इथे राहणार आहोत. त्या जोरावर बसून राहिलो. नाहीतर कधीच पळून आलो असतो. मग ते शटर बघितलं. पण तोवर त्याच जोराची सवय झाली होती. ते काढून घेतलं असतं तर दुसऱ्या दिवशी ऑफिसला कुठल्या तोंडाने गेलो असतो?"

मृणालिनीला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण राग काही गेला नाही. चार वर्षं गारठून चिवट झालेल्या पोळ्या, आणि वर त्या वातड म्हणून नावं ठेवणं, हे कोणत्या हिशेबात धरायचं? ती एवढंच म्हणाली, "तुम्ही बसलात ना निभावून? आता देवांना बसू द्या."

राजन उठला. त्याने कोनाड्यातलं एकेक जाकीट काढलं. मुलं वर आली, तेव्हा वेदांगने आपलं जाकीट घालून बघितलं. बाही कोपरापर्यंतच आली. "बाबा, आय वॉज अ बेबी," तो म्हणाला, आणि ईशानी इतकी हसली की राजनलाही हसावं लागलं. मग ईशानीनेच विचारलं, "सो वी आर नॉट गोइंग?"

"नाही," राजन म्हणाला. "इथेच आहोत." या वेळी फोन ठेवण्यासारखं हातात काही नव्हतं.

टाकून देववेना म्हणून त्याने सगळं सामान गाडीच्या डिकीत भरलं. पुढे कितीतरी महिने ते तिथेच होतं आणि वाणसामान मागच्या सीटवर मुलांच्या मांडीवर यायचं, पण तो वेगळा वैताग. फावडं मात्र अ‍ॅग्नेसने नेलं आणि त्यातूनच माती घेऊन आली. "कढीपत्त्याच्या डब्यातली आहे. शेणखत घातलेलं आहे बाय, चालेल ना तुझ्या देवाला?" मृणालिनी म्हणाली, "चालेल काय, अशीच हवी होती." घटस्थापनेच्या सकाळी सासूबाईंनी बरोबर दिलेले गहू तिने त्या मातीत पेरले, वर मडकं ठेवलं, विड्याच्या पानांवर देव बसवले आणि समई लावली. सकाळचं ऊन पायथ्याशी आलं. तिने मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी ती झेंडूची माळ आणायला गेली आणि परत येऊन दार उघडते तो थंडगार झोत अंगावर. एसी सोळावर. वारा थेट कोनाड्यात शिरत होता. समईची ज्योत आडवी होऊन फडफडत होती, आणि मातीवर पापुद्रा धरला होता. ती पिशवी टाकून धावली आणि ज्योतीला दोन्ही हातांचा आडोसा केला.

"अहो!"

राजन आतून आला आणि जागीच थिजला. "हात आपोआप गेला गं. ऑफिसातून आलो की जातोच." त्याने एसी बंद केला. मग रिमोट उलटा करून त्यातले सेल काढले आणि ड्रॉवरमध्ये टाकले. ज्योत हळूहळू सरळ झाली. तिसऱ्या दिवशीही मातीतून काही वर आलं नाही. तिने पाणी शिंपडलं, चिंचवडचा फोन आला तर सगळं छान आहे म्हणाली. गहू उगवले नाहीत तर काय समजायचं, हे तिला सासूबाईंना विचारायचं नव्हतं.

ऑक्टोबरातली शारजा. बाहेर छत्तीस, आणि आता हॉलमध्येही जवळजवळ तेवढंच. ईशानी वहीने वारा घेत म्हणाली, "बाबा, इट्स सो हॉट, आय कान्ट स्टडी."

"सवय व्हायला हवी," राजन म्हणाला.

मृणालिनीने त्याच्याकडे असं काही बघितलं की तो पाणी प्यायला उठून गेला.

चौथ्या माळेच्या सकाळी ती नैवेद्याचं दूध घेऊन हॉलमध्ये आली, तर राजन कोनाड्यासमोर उकिडवा बसलेला. पायांत मोजे नव्हते. हातात साइटवर वापरायची पोलादी टेप होती. तिने वाकून बघितलं. मातीला बारीक बारीक भेगा पडल्या होत्या आणि मडक्याभोवती पांढरट हिरवे कोंब डोकं वर काढून उभे होते. सगळीकडून.

"सव्वा सेंटिमीटर," राजनने जाहीर केलं. "काल रात्री काहीच नव्हतं. या बाजूला जरा कमी आहे, तिकडे ऊन पोचत नाही. उद्या याच वेळेला बघू."

"अँड एडमंटन?" वेदांग अंथरुणातून ओरडला.

"आज बघितलं नाही," राजन म्हणाला आणि टेपचं टोक मडक्याच्या पलीकडे न्यायला लागला.

आता हे घट उठेपर्यंत रोज चालणार, हे मृणालिनीला दिसलं. डबा घेताना सेंटिमीटर. जिन्यात भेटेल त्या प्रत्येकाला सेंटिमीटर. नासरलाही सांगेल.

"आंघोळ झालीय का तुमची?" तिने विचारलं.

"नाही अजून. का?"

"मग हात काढा तिथून. आंघोळ केल्याशिवाय देवांना शिवायचं नाही."

राजनने टेप गुंडाळली, निमूटपणे उठला आणि आंघोळीला गेला.